धुऱ्यावर घेतलेलं नाव

व्हर्चेल्ली, इटली
मंगळवार, ७ जून १९३२

सौ. रुख्मास,

हे आठवं पत्र. आधीच्या सातांचं उत्तर आलं नाही, याचंही येणार नाही असं धरूनच लिहायला बसलो आहे. पण आज जे पाहिलं ते तुला सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. लंडनात ज्यांना सांगेन ते "हो का" म्हणून चहा ओतून घेतील.

रुख्मा, इकडे धान आहे! धान! पाणी धरलेल्या बांध्या आहेत, त्यांच्या कडेनं चालायचे धुरे आहेत, धानाचे कोवळे पऱ्हे आहेत, आणि आज, या घटकेला, इथं पऱ्हे लावायचा रोवणा चालू आहे!

आता नीट सांगतो. मला परीक्षेनंतर सुटी होती म्हणून मी आणि मुन्नालाल व्हेनिस पाहायला निघालो. मुन्नालाल म्हणजे गोंद्याच्या राइस मिलवाल्यांचा मुलगा. माझ्याबरोबर बॅरिस्टरी शिकतो आणि एकाच घरात राहतो. तू त्याला एकदा पाहिलं आहेस. त्याबद्दल आत्ता नको. तर आमची गाडी तूरीन स्टेशनावरून पुढं निघाली. मुन्नालाल तोंड उघडं टाकून झोपला होता. मी खिडकीशी बसून होतो आणि बाहेर पाणी दिसलं. वाटलं, तलाव असेल. पण तलावात धुरे कुठून येणार? डोळे चोळून पुन्हा पाहिलं. लांबच लांब बांध्या, पाण्यानं भरलेल्या. कुठं नुसता चिखल, कुठं कोवळं हिरवं, आणि एका बांधीत ओळीनं वाकलेल्या बाया. आपल्याकडच्यासारख्याच मागं मागं सरकत होत्या. डोक्यावर लुगड्याचा पदर नव्हता, गवताच्या मोठ्या टोप्या होत्या, एवढाच फरक.

मी उभा राहिलो तो खाली बसलोच नाही. गाडी एका स्टेशनात थांबली. पाटी वाचली, व्हर्चेल्ली. हे नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. आमच्या तिकिटावर नाही, मुन्नालालच्या गाईड बुकात त्याची एक ओळसुद्धा नाही. आणि मी उतरलो! पेटी गाडीत, टोपी गाडीत, मुन्नालाल गाडीत. गाडी हलली तेव्हा तो जागा झाला. खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "अबे पागल हो गया क्या? ये वेनिस नहीं है!" मी खालून ओरडलो, "मालूम है! तू चल, मैं आता हूँ!" फलाटावरच्या झाडून साऱ्या लोकांनी माना वळवल्या. मला लाज वाटली नाही. पासपोर्ट खिशात होता हे नशीब.

गाव म्हणावं तर गाव, शहर म्हणावं तर शहर. स्टेशनासमोर जुनं चर्च आहे, दोन उंच मनोऱ्यांचं. मी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण वाऱ्यावर वास येत होता. कसला म्हणून विचार. चिखलाचा! तापलेल्या पाण्याचा आणि उपटलेल्या पऱ्ह्यांचा. दोन वर्षं मी कोळशाचा धूर हुंगतो आहे. त्या वासानं माझं डोकंच फिरलं. चौकात गेलो तर कोट घातलेले जाडे जाडे व्यापारी तळहातावर तांदूळ घेऊन उभे. एकानं दाणा दाताखाली धरून फोडला, अगदी आपल्या गोंद्याचे शेठ फोडतात तसा, आणि तोंड वाकडं केलं. म्हणजे आता भाव पाडणार. मला भाषा येत नाही, पण हे कळायला भाषा कशाला पाहिजे?

भूक लागली म्हणून एका खाणावळीत शिरलो. मालकाचं नाव पिएत्रो. म्हातारा तरुणपणी अमेरिकेत खाणीवर होता, त्यामुळं मोडकं इंग्रजी बोलतो. मी त्याला खुणेनं म्हटलं, मांस नको, तांदूळ दे. त्यानं घेवड्याच्या दाण्यांत लोणी घालून शिजवलेला भात आणला. सांगू कसा होता? मधे कणी राहिलेला! आपल्या जमुनाबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, असा भात ताटात पाहिला असता तर तुझ्या नावानं शंख केला असता. इथं मुद्दाम तसा करतात. मी दोन ताटं खाल्ली. पिएत्रोनं विचारलं, तुझ्या देशात भात होतो? मी म्हटलं, बाबा रे, आमच्या देशात दुसरं होतं काय? तो इतका खूश झाला की खाणावळ बायकोवर टाकून मला घोडागाडीत घालून बांध्यांवर घेऊन गेला.

आणि तिथं जे झालं ते लिहू की नको असं झालं आहे. पण लिहितो.

मी धुऱ्यावरून चाललो होतो. खालच्या बांधीत पन्नासेक बाया रोवत होत्या, गात होत्या. मी जवळ गेलो तसं गाणं थांबलं. ओळीच्या टोकाची म्हातारी उठली, कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पऱ्ह्यांची पेंडी धुऱ्यावर टाकली. माझ्या पायाशी. बरोबर बुटांपुढं. मग सगळ्या मिळून काहीतरी विचारू लागल्या, हसू लागल्या.

रुख्मा, आता तूच सांग, आपल्याकडचा माणूस याचा अर्थ काय घेईल? रोवण्याच्या दिवसांत बायांनी धुऱ्यावर पेंडी टाकली की वाट बंद. बायकोचं नाव मोठ्यानं घ्यायचं, तेव्हाच पुढं जायचं. मग तो पाटील असो की फौजदार. मला एक क्षणही शंका आली नाही. मी दोन्ही हात जोडले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "रुख्मा!"

 मग पन्नास गळ्यांतून एकदम आलं, "रुक्मा!" टोप्या वर उडाल्या. दोघीतिघी चिखलात बसूनच हसू लागल्या. पिएत्रोनं समजावलं, त्या फक्त विचारत होत्या की हा काळा पाहुणा कोण आणि याचं नाव काय. पेंडी तर शेजारच्या बांधीसाठी टाकली होती. म्हणजे आता इथं माझं नाव रुख्मा आहे. सिन्योर रुक्मा! सिन्योर म्हणजे इकडचं शेठजी. परत येताना रस्त्यावरच्या पोरीही मला त्याच नावानं हाका मारत होत्या.

सगळे हसत होते, मीही हसलो. मग धुऱ्यावर खाली बसलो आणि मला रडू आलं. पिएत्रोला वाटलं डास चावले. इथं डास फार आहेत.

उद्याही इथंच राहणार आहे. व्हेनिस कुठं पळून जात नाही.

तुझा,
टिकाराम


व्हर्चेल्ली
बुधवार, ८ जून १९३२

सौ. रुख्मास,

कालचं पत्र सकाळी टाकलं आणि लगेच वाटलं, अर्धंच लिहिलं. गंमत लिहिली आणि मुख्य ते गिळलं. तुला वाटेल, मोठा आला नाव घेणारा.

आज आधी चिखलात उतरलो. बूट काढले, पाटलोण गुडघ्यावर गुंडाळली. पिएत्रोनं कपाळावर हात मारला. मुकादम ओरडला की पुरुष पेंड्या फेकतात, लावत नाहीत. बघ, हेही आपल्यासारखंच! पण ती कालची म्हातारी, निना तिचं नाव, तिनं मुकादमाला असं काही सुनावलं की तो दुसऱ्या बांधीकडे निघून गेला. तिनं मला आपल्या शेजारी उभं केलं. मी लावत गेलो. दहा हात गेलो असेन, मागं वळून पाहिलं तर माझे निम्मे पऱ्हे पाण्यावर तरंगून राहिले होते आणि ओळ अशी वाकडी की पाहवेना. निना माझे पऱ्हे उपटून पुन्हा लावत होती आणि बडबडत होती. काय बडबडत होती ते मला नक्की ठाऊक आहे. तूही हेच बडबडली असतीस.

अर्ध्या तासात माझी कंबर गेली. रुख्मा, ही कंबर तू दर वर्षी महिनाभर घेऊन घरी यायचीस. मी म्हणायचो, तेल लाव. बस, एवढंच म्हणायचो. नागपूरच्या कॉलेजातून सुटीवर आलेला शहाणा माणूस मी. माझ्यावर थुंकली असतीस तरी चाललं असतं.

आता ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा रोवणा. मी विलायतेला निघायला महिना राहिला होता. मुन्नालाल आपलं गाव पाहायला आला होता, मी नवे बूट घालून त्याला धुऱ्यावरून फिरवत होतो. तुम्ही बाया मोठ्या बांधीत होता. सुशिलाबाई ओळीच्या टोकाला होती, तिनं पेंडी टाकली आणि म्हणाली, "नाव घे, मंग जा." मुन्नालालला मजा वाटली. म्हणाला, क्या है ये? मी कॉलेजात मुन्नालालसकट सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी अविवाहित. तिथली पोरं लहानपणी लग्न झालेल्यांची टिंगल करायची, म्हणून मी पहिल्याच दिवशी खोटं बोललो आणि मग ते खोटं वाढतच गेलं. मी सुशिलाबाईला हळू आवाजात म्हटलं, "माझं लग्न नाही झालं." तिला कमी ऐकू येतं. तिनं कानाशी हात नेला, "का म्हनते?" आणि मी, रुख्मा, मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं.

तू चौथी होतीस ओळीत. पाठमोरी. तुझे हात थांबले. मी पाहिलं. मग तू पुढची पेंडी उचललीस आणि लावायला लागलीस.  मी पेंडी ओलांडून गेलो.

 तिसऱ्या दिवशी भावाबरोबर दरेकशाला माहेरी गेलीस. आईला मी सांगितलं, आठ दिवस राहू दे, मन रमेल. खरं कारण मी कोणालाही सांगितलं नाही. तू तरी सांगितलंस का, मला माहीत नाही. सात पत्रांत मी तुला लंडनचं हवापाणी लिहिलं. काऊन लिहिलं असेल मी ते? तुला लंडनच्या धुक्याचं काय करायचं होतं?

माफी मागतो आहे. शब्द दुसरा सापडत नाही. काल परक्या धुऱ्यावर तुझं नाव तोंडातून आपोआप निघालं, कोणी जबरदस्ती केली नाही. ते आतच होतं ग. मीच त्याला दाबून बसलो होतो.

तू माझ्या घरी परत येशील की नाही, हे मला जाणून घ्यायचं आहे. नाही म्हटलंस तरी ते लिही. एक ओळ पुरे.

टिकाराम


व्हेनिस
शनिवार, ११ जून १९३२

सौ. रुख्मास,

मुन्नालाल सापडला. माझी पेटी, माझी टोपी आणि तोंडात शिव्या घेऊन स्टेशनावर उभा होता. तीन दिवस रोज प्रत्येक गाडी पाहत होता बिचारा.

व्हेनिस पाण्यात आहे. पाणी पुष्कळ, पीक काही नाही. बाकी मुन्नालालला विचार, तो तुला चार पानं सांगेल.

मी त्याला सांगितलं. होडीत बसलो होतो, म्हणजे उठून जायला त्याला जागा नव्हती. सगळं सांगितलं. लग्न कधी झालं, धुऱ्यावर कोण होतं, कोण चौथं होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वो भाभी थी? मेरे सामने?" मी मान हलवली. त्यावर त्यानं मला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही, पण होडीवाल्यालाही ती समजली.  संध्याकाळी म्हणाला, "दो साल से एक घर में रह रहे हैं और तूने मुझे भी उस पाप में बिठा दिया. भाभी को चिट्ठी लिख, नहीं तो मैं लिखूँगा." मी म्हटलं, लिहिली. त्याला खरं वाटेना. म्हणून हे पत्र त्याच्यासमोर लिहीत आहे. खाली त्याची सही घेतो.

टिकाराम
भाभीजी को मुन्नालाल का चरणस्पर्श. मुझे मालूम नहीं था.


लंडन
शुक्रवार, १२ ऑगस्ट १९३२

प्रिय रुख्मा,

आलं! आलं, आलं, आलं! घरमालकिणीनं जिन्याखालून हाक मारली, "इंडिया!" मी एकदम चार पायऱ्या उड्या मारत खाली आलो. पाकिटावर दरेकशाचा शिक्का आणि तुझं ते अक्षर, प्रत्येक ओळ चढावर जाणारी. चौथीपर्यंतच शिकलीस, पण माझ्यासारखा होऊ घातलेला बॅरिस्टर तुझ्या अकरा ओळींपुढं उभा राहू शकत नाही. तूच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवतो आहे. वेडेपणा आहे, पण मला ते स्वतःच्या हातानं लिहून पाहायचं आहे.

"तुमचे पत्र सारेच भेटले. सात न वाचता चुलीत टाकले. आठवं टाकत होतो त वहिनी म्हने जाड हाये, वाचून त पाहा. म्हनून वाचलं. रोवण्यात दुपारच्या भाकरीच्या टायमाले बायाइले बी वाचून दाखवलं. साऱ्या पोट धरू धरू हासल्या. आता मले सिन्योर म्हनून राहिल्या. नववं पत्र मी कोनाले वाचून दाखवलं नाही. मी काऊन माहेरी आलो ते मी कोनाले सांगतलं नव्हतं. तुमची लाज मीच झाकली. तिकडच्या बायाइच्यापुढं नाव घेतलं त मले का? त्या माह्या कोनी लागत नाही. ज्याइनं आयकलं त्या तुमच्या गावच्या हायेत. पुढच्या रोवण्याले मी तुमच्या गावले जाईन अन् त्याच बांधीत उतरीन. पेंडी ठेवीन. तुमी या. मंग पाहू."

"मंग पाहू." रुख्मा, या दोन शब्दांवर मी वर्ष काढीन. जूनमध्ये मला सनद मिळेल आणि मिळाल्याच्या आठवड्यात मी बोटीवर असेन. मुन्नालालही येतो म्हणतो. तो म्हणतो, गवाह लगेगा.

एक सांगू? "तुमची लाज मीच झाकली" हे वाचलं तेव्हा मी जिन्यावरच बसलो. घरमालकिणीनं विचारलं, बातमी वाईट आहे का? मी म्हटलं, नाही बाई, फार चांगली आहे.

तुझा, आणि व्हर्चेल्लीत तुझ्याच नावाचा,
टिकाराम


मुंबई
शनिवार, १५ जुलै १९३३

प्रिय रुख्मा,

उतरलो. तार केली आहे, तरी हेही टाकतो. बोटीवर रोज डेकवर उभा राहून नाव घेण्याची तालीम करत होतो. एका गोऱ्या म्हाताऱ्यानं कप्तानाकडे तक्रार केली. मुन्नालालनं कप्तानाला सांगितलं की ही आमच्याकडची प्रार्थना आहे.

आज रात्रीच्या मेलनं निघतो. गोंद्याला मुन्नालालच्या मिलवर उतरून कपडे बदलीन आणि सकाळच्या छोट्या गाडीनं अर्जुनीकडे येईन. तू दरेकशाहून आपल्या गावी पोचलीस की नाही, हे मला अजून माहीत नाही. पाऊस लांबला, रोवणा मागं पडला, तुझ्या भावानं पाठवलं नाही, असं काहीबाही मनात येत राहतं. विलायतेत तीन वर्षं काढली, पण गाडीतले हे वीस तास मला जड जाणार.

काही निरोप असेल तर मुन्नालालच्या मिलवर ठेव, हे तारेतही लिहिलं आहे.

टिकाराम


अर्जुनी मोरगावजवळून
रविवार
(गोंद्याला मुन्नालाल शेठच्या मिलवर, बकाराम गाडीवाल्याच्या हाती)

तार भेटली. मी येऊन चार दिवस झाले. पानी चांगला झाला, रोवणा सुरू हाये. उद्या मोठ्या बांधीत उतरतो.

आत्याबाईले, म्हनजे तुमच्या मायले, म्या सारं सांगतलं. त्या कोनाचं आयकून घेनाऱ्या नाही, पन माहं सारं आयकलं. मंग म्हनल्या, उद्या मी बी धुऱ्यावर येतो.

बकारामची बैलबंडी स्टेशनवर राहील. बूट बंडीतच काढजा. मुन्नालाल भाऊजीले संगं आना. त्याहीनं तवा आयकलं, आता हे बी आयकू द्या.

पेंडी सुशिलाबाईच ठेवनार हाये, म्या तिलेच सांगतलं. तिले आता पहिल्यापेक्षा कमी आयकू येते. आवाज मोठा काढजा.

अन् एकदा घेऊन थांबू नका. तवा दोनदा म्हनलं होतं. आता बी दोनदा म्हना.

मी चौथीच राहीन. यावेळी तोंड तुमच्याकडं करून.

रुख्मा